काळी जोडी, पांढरी जोडी

धाकटीने फोन उचलला तेव्हा शेजारच्या टेबलावर गोल करवत चालू होती. एक कान तळहाताने दाबून दुसऱ्याला फोन लावत ती तीनदा "हॅलो" म्हणाली. पलीकडून काही नाही. "बोलायचं नाही तर फोन लावता कशाला? लोकांना कामं असतात," एवढं म्हणून तिने फोन खिशात टाकला. दुपारच्या आत तिला सहा चौकटींना खाचा पाडायच्या होत्या. नंबर कोणाचा होता, तेही तिने पाहिलं नाही.

फोन तिच्या वडिलांचा होता. गळणारा नळ घट्ट करायला ते न्हाणीघरात गेले, पाय सरकला आणि आडवे झाले. चष्मा कुठेतरी उडाला. शर्टाच्या खिशात बटणांचा फोन होता. त्यावरचं एक नंबरचं बटण दाबून धरलं की धाकटीला फोन लागायचा. तसा तो लागला, तिने उचललाही, आणि बाबा बोललेही. पण त्यांच्याकडे बोलायला आवाजच उरला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली, तोवर ते तीन तास ओल्या फरशीवर होते. हाड मोडलं नव्हतं. घोटा सुजून कोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता आणि अंगात हुडहुडी भरली होती. तिने त्यांना कोरडं केलं, गादीवर निजवलं, डॉक्टरांना बोलावलं. सगळं आटोपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि सहज फोन पाहिला. दहा वाजून सात मिनिटं. 'बाबा'. बावीस सेकंद.

तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. बाबांना मात्र काही बोलली नाही.

धाकटी म्हणजे त्रेचाळीस वर्षांची बाई. हाताला घट्टे, केसांत कायम थोडा भुसा. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यालाही आता बारा वर्षं झाली. दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात ती मुख्य कारागीर होती. तिथे तिला सगळे 'बाई' म्हणत, पण घरात ती धाकटीच राहिली, कारण वर एक दादा होता.

आणि बाबा म्हणजे भोंगा. भाजीच्या घाऊक बाजारात चौतीस वर्षं त्यांनी लिलाव पुकारला. पहाटेच्या गोंधळात, हातगाड्यांच्या खडखडाटात, शंभर माणसं एकदम बोलत असताना त्यांचा आकडा शेवटच्या गाळ्यापर्यंत जायचा. भोंगा वाजला की बाजार उघडला, असं लोक म्हणायचे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती हवेची कुजबुज. समोर बसून ओठांकडे पाहिलं तर कळायची, पाठ फिरवली की संपली.

तेव्हापासून बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. खिशात वही-पेन्सिल असायची. नेमका कोणी घरी आला की ती सापडायची नाही, मग पाहुणा बाबांविषयी धाकटीलाच विचारायचा. "झोप लागते का त्यांना? जेवतात का नीट?" बाबा समोर बसून ऐकायचे, जणू चर्चा एखाद्या कपाटाची चालली आहे.

पडल्याचं कळल्यावर दादाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहायचा, पाच तासांवर.

"हे आता असं चालायचं नाही," तो म्हणाला. "दिवसभर ते एकटे. हाक मारली तरी भिंतीपलीकडे जात नाही. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. माझ्याकडे कोणी ना कोणी घरात असतं."

"बाबांना विचारलंस?"

"विचारू कसं? फोनवर ते बोलत नाहीत. तूच सांग त्यांना."

धाकटीने सांगितलं. बाबांनी वहीत लिहिलं, 'नाही.' आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

गळ्यात अडकवायचं घंटीचं बटण तिने आणून दाखवलं. दाबलं की तिच्या फोनवर घंटा वाजणार. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्या कानाशी येऊन कुजबुजले, "मी काय लिफ्ट आहे?"

"मग काय करायचं?"

"मला बोलायचंय," बाबा म्हणाले. "घंटा कसली वाजवायची? पडलो तर पडलो म्हणेन, आणि नळ गळत असेल तर नळ म्हणेन."

हे तिला पटलं. रविवारला आठ दिवस होते. तिने मनाशी ठरवलं की आठ दिवसांत बाबांची कुजबुज करवतीच्या शेजारी ऐकू आलीच पाहिजे. ती चौकट बसवतानाही असंच करायची. भिंत वाकडी असो की जमीन उतरती, चौकट काटकोनातच बसणार, मग हव्या तितक्या पाचरी ठोकाव्या लागोत.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ती कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेली. दुकान एक बाई चालवायची. वयाने धाकटीएवढीच, चष्मा दोरीने गळ्यात, आणि गिऱ्हाइकाचं पूर्ण ऐकून घेण्याची दुर्मीळ सवय. धाकटीने तिला सगळं सांगितलं. दुकानदारबाईने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या.

काळी डबी नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. आत दोन काळे इअरबड्स, वालाच्या दाण्याएवढे, कानात घातले की बाहेर काही दिसत नाही. "ही महागातली. बाहेरचा गोंगाट गिळून टाकते. कारखान्यात याच्यासारखी नाही."

पांढरी डबी प्लॅस्टिकची, झाकण जरा ढिलं. आतल्या बड्सना खाली बोटाच्या पेराएवढी दांडी. "ही साधी. गोंगाट फारसा थांबवत नाही. पण चालते."

"कोणती घेऊ?"

"दोन्ही ने. सात दिवसांत एक परत आण. डबीवर ओरखडा नको, रबरी टोप्या मी बदलून घेईन."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटीने दोन्ही जोड्या कारखान्यात लावून पाहिल्या. पॉलिशवाल्याला तिने करवत चालू करून एक फळी फाडायला सांगितली. आधी पांढरी. करवतीची किंकाळी जशीच्या तशी, वर फक्त थोडं पांघरूण घातल्यासारखं. मग काळी. तिने बोट टेकवलं आणि करवत दूर गेली, जणू कोणीतरी तीन गल्ल्या पलीकडे लाकूड कापतंय. पॉलिशवाला काहीतरी म्हणाला, ते तिला स्वच्छ ऐकू आलं.

"परत म्हण बघू."

"म्हटलं, सुट्टीत तरी जेवू द्या."

तिने घरी जाऊन पुठ्ठ्यावर दोन रकाने आखले आणि काळीखाली पहिली खूण केली. बॅटरी मोजली. काळी सहा तास, पांढरी साडेचार. कारखान्यात गोंगाट अडवायला कानांवर जाड डबे चढवायचे असत, काळी त्यांच्या आत सहज मावायची. पांढरीची दांडी त्या डब्यांखाली गालाला रुतायची. तीन खुणा काळीला, पांढरीला एकही नाही. लग्न ठरल्यासारखंच होतं.

बुधवारी सकाळी तिने काळी जोडी बाबांच्या कानात घातली. बाबांचे कान मोठे, पाळ्या लोंबत्या. सगळ्यात मोठी रबरी टोपी लावली तेव्हा कुठे बसली. "मी खाली रस्त्यावर जाते," ती म्हणाली. "फोन लावा आणि काहीही बोला."

ती तीन जिने उतरून फुटपाथवर उभी राहिली. पांढरी तिच्या कानात होती. फोन आला.

"हॅलो, बाबा?"

शांतता. मधेच एक खरखर, लगेच पुसल्यासारखी गायब. तिने थांबून पाहिलं. एक बस गेली, दुसरी गेली. चार मिनिटं ती कान देऊन उभी होती. एक अक्षर आलं नाही.

वर आली तेव्हा बाबा खिडकीत बसले होते. चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम. त्यांनी विचारलं, "किती ऐकलंस?"

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "काहीच नाही."

"मी अख्खा लिलाव पुकारला," बाबा म्हणाले. "फ्लॉवरच्या चाळीस गोण्या. तीन व्यापारी. शेवटचा आकडा तीनदा."

त्यांनी कानातून बड्स उपटून काढले, टेबलावर ठेवले आणि पाठ करून निजले. दिवसभर त्यांनी वहीसुद्धा उघडली नाही.

संध्याकाळी धाकटी पुन्हा दुकानात. "तुमची महागातली जोडी बहिरी आहे," तिने सांगितलं.

दुकानदारबाईने तिला कुजबुजत बोलून दाखवायला लावलं, स्वतः दुसऱ्या टोकाला ऐकलं, मग चष्मा काढून हसली. "बहिरी नाही, अतिशहाणी आहे. बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे ती स्वतः ठरवते आणि गोंगाट पुसते. बोलण्यात घशाचा सूर असतो, त्यावरून ती ओळखते. तुझ्या बाबांच्या बोलण्यात सूर नाही, नुसती हवा. तिला वाटतं पंखा चाललाय."

"म्हणजे ते बोलतात आणि ही पुसते."

"हो. साधे फोनही थोडंफार तेच करतात."

"आणि पांढरी?"

"तिला एवढी अक्कल नाही. जे येईल ते पुढे ढकलते. पंखाही येईल, नळही येईल. शिवाय दांडीमुळे तिचा माइक तोंडाकडे वळलेला असतो. करून बघ."

धाकटीने दुकानातच करून पाहिलं. पांढरी कानात घालून ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली आणि कुजबुजली, "सुतळी, खिळे, सरस, पटाशी." बाहेर दुकानदारबाईने कागदावर लिहिलं. सुतळी, खिळे, सरस, पळशी.

"पटाशी म्हणजे काय ते मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण बाकी सगळं आलं."

घरी आल्यावर बाबांनी पांढरी डबी पाहिली आणि मान फिरवली. एकदा तोंडघशी पडलेला माणूस त्याच जिन्याने पुन्हा चढत नाही. धाकटीने समजावलं, माइकचं सांगितलं, दांडी दाखवली. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. रागावून उपयोग नव्हता आणि लाडीगोडी त्यांना लहान मुलासारखी वाटली असती. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, शनिवारी तुमचा फोन मी उचलला होता."

ते वळले नाहीत.

"करवत चालू होती. काही ऐकू आलं नाही. नंबर न बघता मी बोलले आणि ठेवला. तुम्ही तिथे पडला होतात, आणि मी ठेवला. चार दिवस हे सांगायचं धाडस होत नव्हतं."

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. मग बाबा म्हणाले, आणि ती ओठांकडे पाहत होती म्हणूनच तिला कळलं, "मी ऐकलं होतं. 'लोकांना कामं असतात' म्हणालीस."

धाकटीने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"खरंच होतं ते," बाबा म्हणाले. "मीही बाजारात असताना मुका फोन आला की असाच खेकसायचो." त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "मला राग आला तो फोनचा. तुझा आवाज माझ्यापर्यंत येतो, माझा का जात नाही? तुझ्यावर नव्हता."

"मग तो राग आता वापरा," धाकटी म्हणाली. "रविवारी दादा येतोय. आपल्याकडे तीन दिवस आहेत."

बाबांनी पांढरी डबी उघडली. ढिलं झाकण परत खाली पडलं तेव्हा तोंडातल्या तोंडात एक बाजारू शिवी हासडली. तीही हवेचीच होती.

गुरुवारी दुपारी ती कारखान्यात, बाबा घरी. पांढरी बाबांच्या कानात असल्यामुळे तिच्याकडे काळीच उरली होती. तीच घालून ती रंधा मशीनच्या बाजूला उभी राहिली. फोन आला. आधी घरातला पंखा आला, त्यामागून रस्त्यावरच्या कोणाचा तरी हॉर्न, आणि मग त्या सगळ्याच्या मधून, कानात तोंड घालून सांगावं तसं, "धाकटे. ऐकतेस?"

"ऐकते," ती म्हणाली. तिचा हात आपोआप कानावर गेला, पडेल की काय अशा भीतीने.

"काय ऐकतेस?"

"पंखा. हॉर्न. आणि तुम्ही."

"फ्लॉवर, चाळीस गोण्या," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रंधा चालू होता, पलीकडे करवत चालू होती, आणि धाकटी एकेक आकडा मोठ्याने म्हणत होती. पॉलिशवाला ब्रश हातात धरून बघत राहिला. त्याला वाटलं, बाईंनी भाजीचा धंदा काढला.

तेव्हा तिला उमगलं की ती पहिल्यापासून चुकीचा प्रश्न विचारत होती. दोहोंतली चांगली कोणती, हा प्रश्नच नव्हता. काळीला ऐकता येत होतं आणि पांढरीला बोलता. तिच्या कानात काळी हवी आणि बाबांच्या कानात पांढरी. परत काहीच करायचं नव्हतं. नवं ड्रिल मशीन घ्यायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वर्षी.

पण एवढ्याने चौकट काटकोनात बसत नव्हती. त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दोघांनी घराचा कोपरान् कोपरा तपासला. ती जिन्यात फोन घेऊन उभी, बाबा आत. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना काही कळत नाही, म्हणून ठरलं की मिक्सर बंद करून बोलायचं. गॅलरीत वारा असेल तर दांडीपुढे हात धरायचा. न्हाणीघरात आवाज घुमतो पण शब्द कळतात.

"आता पडून बघतो," बाबा म्हणाले.

"बाबा, घोटा अजून दुखतोय तुमचा."

"पडणार नाही, निजणार आहे. उभा असताना मी मदतीला हाक कशाला मारीन?"

त्यांनी न्हाणीघरात कोरडी चादर अंथरली आणि डाव्या कुशीवर निजले. डावा बड फरशीला घासून निघाला आणि मोरीपर्यंत गडगडत गेला. जिन्यात धाकटीला नुसती खरखर ऐकू आली. पण लगेच आवाज आला, "एक गेला. उजवा आहे. बोलतोय." मग उजव्या कुशीवर. तसंच. एक निसटला तरी दुसरा बोलायचा. बॅटरीवर तोडगा बाबांनीच काढला. दोन्ही एकदम घालायचे नाहीत. एक कानात, एक खिशातल्या डबीत चार्जिंगला, म्हणजे पहिला निसटला तरी दुसरा हाताशी, आणि जेवणानंतर अदलाबदल. "बाजारात तराजूची दोन पारडी असतात," ते म्हणाले, "एक भरतं तेव्हा दुसरं रिकामं होतं."

शनिवारी धाकटी मालकांसमोर उभी राहिली. कारखान्याचा नियम भिंतीवर लाल अक्षरात होता की यंत्रावर काम करताना कानात काही घालायचं नाही. नियम बरोबर होता. गाणी ऐकत काम करणाऱ्याचं बोट गेलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

"नियम मोडायला सांगत नाही," ती म्हणाली. "माझ्या फोनवर एकाच नंबरची घंटा वाजेल, बाकी सगळे मुके. घंटा वाजली की लाकूड सोडणार, यंत्र बंद करणार, पिवळ्या पट्ट्याच्या मागे येणार, मगच बोलणार. वरून जाड डबे असतीलच. एकदा जरी चुकले तर तुम्ही जोडी काढून घ्या."

"आणि गाणी?"

"माझ्या फोनमध्ये एकही गाणं नाही. बघा."

मालकांनी खरंच पाहिलं. मग करवत चालू करायला लावून तिला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा यंत्र थांबलं, ती पट्ट्यामागे गेली, मग हात कानाला गेला. "दोन आठवडे बघू," मालक म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून गोड शब्द कोणी ऐकले नव्हते.

रविवारी अकराच्या सुमारास दादा आला. सोबत एक मोठी रिकामी सूटकेस होती. त्याने बाबांच्या पायाला हात लावला, सुजलेला घोटा पाहिला, आणि नेहमीप्रमाणे धाकटीकडे वळून विचारलं, "औषधं वेळेवर घेतात ना?"

"त्यांना विचार."

"अगं, आता कुठे वही शोधत बसायची. कपडे भरायला घे. दुपारच्या आत निघालो तर उजेडात पोचू."

बाबा उठले. टेबलावरची काळी डबी घेऊन त्यांनी ती दादाच्या हातात ठेवली आणि दाराकडे बोट केलं. दादा गोंधळला.

"कानात घाल आणि खाली जा," धाकटी म्हणाली. "पार बसथांब्यापर्यंत."

"हा काय पोरखेळ?"

"पाच तास गाडी चालवून आलास, आणखी पाच मिनिटं चाल."

त्याच्या फोनला तिने काळी जोडी जोडून दिली. दादा कुरकुरत जिना उतरला. बाबांनी पांढरा बड कानात बसवला, दांडी तोंडाकडे वळवली, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि फोन लावला. धाकटी त्यांचे ओठ दिसतील अशी खिडकीच्या कडेला उभी राहिली. खाली थांब्यावर गर्दी होती, एक बस इंजिन चालू ठेवून उभी होती, आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ कानाला हात लावून वर पाहत होता.

"ऐकू येतंय का रे?" बाबा म्हणाले.

दादाने उत्तर दिलं ते तिला ऐकू आलं नाही. पण त्याचा हात खाली आला आणि तो जागच्या जागी थांबला.

"चौदा महिने झाले," बाबा म्हणाले. "तू फोन करतोस, मी ऐकतो, धाकटी बोलते. आज मी बोलतो, तू ऐक. मी येणार नाही. तुझ्या घरात मला काही कमी पडेल म्हणून नाही. तुझी बायको मला फुलासारखं ठेवेल. पण तिथे सगळे माझ्या वतीने बोलतील. बाबांना चहा हवा असेल, बाबा दमले असतील. मी चौतीस वर्षं शंभर माणसांना गप्प करून बोललो आहे. मला आता दोनच माणसं पुरेत, पण त्यांनी माझं ऐकायला हवं."

ते दमले. दोन श्वास घेतले. खाली दादा काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता.

"पडलो, हो. पुन्हाही पडेन. तू पडत नाहीस? पडलो तर सांगेन. धाकटीला सांगेन, तुलाही सांगेन. आठ दिवस या पोरीने जिवाचं रान केलंय, माझ्याकडून न्हाणीघरात कवायत करून घेतली आहे. तीन महिने दे मला. जमलं नाही तर मी स्वतः तुला फोन करून सांगेन, ये म्हणून. कोणाला निरोप द्यायला सांगणार नाही."

मग बाबा ऐकत राहिले. मधेच म्हणाले, "घेतो वेळेवर. सकाळची एक, रात्रीच्या दोन." आणखी थोड्या वेळाने, "नाही, घोटा बरा आहे." बस गेली. थांबा रिकामा झाला. दादा फुटपाथच्या कडेला बसला होता, गुडघ्यावर कोपरं, मान खाली, आणि अजून बोलत होता. धाकटीने घड्याळ पाहिलं नाही, पण स्वयंपाकघरात ठेवलेलं पाणी उकळून अर्धं झालं होतं.

वर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि आवाज मुद्दाम कोरडा. "बाबा फार बोलतात," तो म्हणाला. मग बाबांकडे वळून, त्यांच्या तोंडाकडे पाहत, "तीन महिने. पण न्हाणीघरात धरायला दांडा बसवल्याशिवाय मी जाणार नाही. आजच."

रविवारी उघडं असलेलं हार्डवेअरचं दुकान शोधायला दादाला दोन चौक हिंडावं लागलं. धाकटीने जुन्या ड्रिलने भोकं पाडली, दादाने स्टीलचा दांडा धरला, आणि बाबांनी दोनदा तो खाली घ्यायला लावला, कारण उंची त्यांच्या हाताची हवी होती, दादाच्या नव्हे. दादा निघाला तो दिवे लागल्यावर, सूटकेस रिकामीच.

पहिल्या आठवड्यात बाबांनी दिवसाला दहा-बारा फोन केले. टाकीत पाणी कमी आहे. शेजारच्यांचं कुरिअर आपल्याकडे आलंय. मोठा टॉवेल कुठे आहे? प्रत्येक वेळी धाकटीला यंत्र बंद करून पट्ट्यामागे जावं लागायचं. शेवटी तिने बजावलं की टॉवेलसाठी करवत थांबणार नाही, तेव्हा आकडा तीन-चारवर आला. मालकांचे दोन आठवडे झाले, त्यांनी काही विचारलं नाही, तिनेही आठवण केली नाही. दादाचा फोन आता थेट बाबांना जायचा. बहीणभावाला एकमेकांची ख्यालीखुशाली बाबांकडून कळू लागली.

तिसऱ्या महिन्यात पांढरा डावा बड धुण्याच्या शर्टाबरोबर बादलीत गेला आणि मुका झाला. धाकटी म्हणाली, संध्याकाळी येताना नवा आणते. बाबांनी तोवर थांबायचं नाकारलं. काठी घेतली, उजवा कानात घातला, तीन जिने उतरले आणि एकटेच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती, काउंटरवर रेडिओ लागलेला. त्यांनी दोनदा बोलून पाहिलं. दुकानदारबाईला काही कळलं नाही, ती कान पुढे करून म्हणाली, "काय हवंय, काका?"

बाबांनी वर पाटीवर लिहिलेला नंबर पाहिला, खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर उभं राहून तिलाच फोन लावला. काउंटरवरचा फोन वाजला. तिने उचलला.

"डावा बड हवाय," तिच्या कानात आवाज आला. "पांढरा, दांडीवाला. आणि तो रेडिओ जरा कमी करा, इतर लोकांनाही बोलायचं असतं."

तिने मान वर करून पाहिलं, आणि आधी रेडिओ बंद केला.